परतीची नळी

आधी बादली. बादलीखाली सकाळचा पेपर.
मग ड्रेनचा बोल्ट, अर्धा फेरा, पाव फेरा,
आणि हात चटकन बाजूला.
तेल लगेच पडत नाही. विचार करतं.
मग काकवीसारखं उतरतं, फक्त काकवीला वास बरा असतो.

बीएसए आहे, लढाईतली.
घडियाळीशेठनी खडकीच्या लिलावात घेतलेली.
त्यांची नात डेलनाझ म्हणते,
‘अंकल, फक्त चालू करून द्या.’
चालू करणं एका लाथेचं काम आहे.
पोटात काय साचलंय ते न बघता लाथ मारणारे
नाना पेठेत पुष्कळ आहेत. नावं घेत नाही.

टाकीला दोन नळ्या. एक जाणारी, एक परतीची.
त्यांना आपले पाने लागत नाहीत, विलायती लागतात.
गफूर मेस्तरींनी जाताना दुकान मुलाला दिलं
आणि पाने मला.

टाकी उतरवली. सायकलची जुनी चेन आत सोडली,
रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेल,
आणि बगलेत घेऊन हलवत बसलो.
पलीकडचा वेल्डर ओरडला, ‘बारसं कधी?’
पहिलं पाणी काळं. दुसरं काळं.
तिसऱ्याला चेन काढून घेतली, नुसतं डिझेल हलवलं,
तर आतून
टुक.

हा आवाज मला माहीत होता.

एक्क्याऐंशी साल, शनिवार, हप्त्याचा दिवस.
मी चौदाचा, लहू पंधराचा.
हीच टाकी, झाकण उघडं, माझ्या मुठीत चार नट.
मग तीन.
मेस्तरी संध्याकाळी तबकातलं सगळं मोजायचे,
‘चौथा कुठाय?’
मी लहूकडे बघितलं.
बोललो काहीच नाही. नुसतं बघितलं.
लहूने आदल्या वर्षी जुन्या बाजारात एक प्लग विकला होता,
ते सगळ्यांनाच आठवलं.
त्याने भांडण केलं नाही.
नळावर कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश,
रोज सुटताना धुवायचो तसे,
आणि नागझरीच्या बाजूने निघून गेला.

लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडला.
पहिल्यांदा नुसता भुगा आला, लोखंडाचा, केसाळ.
दुसऱ्यांदाही भुगा.
तिसऱ्यांदा तो आला.

पुसला. गंजाचा ठिपका नाही,
आटे काल कापल्यासारखे.
तेलात होता ना.
बाहेर कुठे पडला असता
तर पाच-सहा पावसाळ्यांत लाल होऊन संपला असता,
आणि मीही म्हटलं असतं, होता की नव्हता कुणास ठाऊक.

चौथ्या बोल्टावर तेव्हापासून भलताच नट आहे,
ठोकून बसवलेला. मीच ठोकला होता.
तो काढला. हा लावून बघितला.
बोटांनी फिरला, शेवटपर्यंत, पाना न लावता.
मग परत काढला.
भलताच होता तो पुन्हा ठोकला.

लहू दापोडीत असतो म्हणे,
नातवंडांना शाळेत सोडतो.
अंतर किती? अर्धा तास. सिग्नल लागले तर पाऊण.

जाळी धुतली, टाकी उन्हात उलटी ठेवली,
दुपारी टॉर्चने कोपरे बघितले. तळ दिसला.
नवं तेल ओतलं, मधासारखं.
तिसऱ्या लाथेला गाडी बोलली.
डेलनाझने टाळ्या वाजवल्या, वेल्डरने काच वर केली.

‘झालं ना अंकल? झाकण का नाही लावत?’

झाकण लावायचं नसतं, पोरी.
वाकून बघायचं, परतीच्या नळीतून तेल येतंय का.
पंप बसलेला असेल तर ते जातं आणि येतच नाही,
इंजिन मात्र थोडा वेळ हसतखेळत फिरतं.

पँटच्या खिशावर एक गोल डाग पडलाय.
आत नट आहे. घरी विचारतील.

‘आलं का?’

थांब.
अजून नाही.