अजून एकतीस तारीख

एकतीस मेला मी निवृत्त झालो.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
आणि विभागप्रमुखांच्या भाषणात दोनदा
बोरकुटेचं बोरकर.
एक जूनला सकाळी तरी लॉ कॉलेज चौकात उतरलोच.
किल्ली परत करायची राहिली, असं घरी सांगून.

चौतीस वर्षं मी दगड कापले.
करवतीखाली, पाण्याच्या धारेत,
मग काचेवर चिकटवून घासत घासत
तीन शतांश मिलिमीटर.
तेवढ्यावर आलं की काळा कातळही उजेड अडवत नाही.
पहिल्यांदा भिंगातून पाहणारं पोरगं
वर न बघताच म्हणतं, सर, हे काय आहे!
मी सर नव्हतो.

दुसरं काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं: फलक.
बाहेरच्या बातम्या छापून टाचायच्या.
मंगळावरचं एक यंत्र गप्प झालं.
शुक्राकडे निघणारं यान आणखी चार वर्षं पुढे.
लघुग्रहाची धूळ मागवता येईल, चिमूटभर,
कशाला हवी ते दोन पानांत लिहा.
उल्कापाषाणांची कार्यशाळा, तीन आठवडे, भाडं स्वतःचं.
संशोधक पाहिजे, बर्फाळ उपग्रहांसाठी, वय पस्तिसाच्या आत.
त्याखाली कुणीतरी पेनानं:
पाणी तिकडं तरी येते का रोज?

रोशनी उईके फलकासमोर उभी राहून जेवायची.
तिचा दगड काटोल रोडच्या खाणीतला:
एक लाव्हा आला, निवला, त्याची माती झाली,
मग दुसरा आला आणि त्या मातीची वीट.
मंगळावर अशीच लाल चिकणमाती दिसते वरून, ती म्हणायची,
पण तिथे कुदळ पोचत नाही, काका.
इथे पोचते.

ती आत आली तेव्हा केस बांधलेले नव्हते.
बारावा काप तडकला होता, फोटो हवा होता, आजच.
मी म्हटलं, तारीख त कालच गेली ना पोरी?
नाही गेली. तिथं लिहिलंय, पृथ्वीवर कुठेही.
जिथे एकतीस सगळ्यात शेवटी संपते तिथली मध्यरात्र.
आपले आज संध्याकाळचे साडेपाच.

प्रशांत महासागरात असेल एखादं ओसाड बेट,
माणूस नाही, पाखरांची विष्ठा,
आणि एकतीस मे.
त्या हिशोबानं मी अजून नोकरीवर होतो.
करवत सुरू केली.

चार दहाला लाइन गेली.
सेहेचाळीस डिग्री, कूलर हळूहळू थांबला,
भिंतीवरची पाल तेवढी हलली.
मग हातानंच. जाड काच, कुरुंदाची भुकटी, थोडं पाणी,
आठाच्या आकड्यात फिरवत राहायचं.
जाडी बोटाला कळते, कशी ते विचारू नका,
दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि मला सांगता येत नाही.

आरशावाला जुना सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवला.
नागपूरचं ऊन, आयुष्यभर शिव्या खाल्लेलं,
आरशावरून वळलं
आणि दगडातून वर आलं.
तिनं श्वास धरून मोबाइल नळीवर टेकवला.
दोन फोटो हलले. तिसरा नाही.

पाच एकवीस.
पाठवलं. गोल फिरत राहिलं.
सरांचं शिफारसपत्र भंडाऱ्याच्या एका लग्नातून
आधीच पोचलं होतं, तेवढं बरं.
मग एक ओळ आली: अर्ज मिळाला.
यंत्राचीच ओळ, खाली नाव नाही.
ती तीनदा वाचून
नळावर तोंड धुवायला गेली.

मी ती सूचना फलकावरून काढली, टाचणी डबीत टाकली.
चंद्राच्या जमिनीचं वय खड्डे मोजून काढतात,
जितके जास्त तितकी जुनी, हे तिनंच सांगितलेलं.
बोट फिरवून पाहिलं.
डाव्या वरच्या कोपऱ्यात टाचणी टेकायला जागा नाही.
उजवीकडे खाली मात्र
हातभर कोरं.

साडेपाचला कुलूप लावलं.
बसमध्ये बसल्यावर खिसा चाचपला,
किल्ली तिथेच.