सौ. झोपे यांना झोप येत नाही

माहेरची मी फिरके, सासरची झोपे.
लग्नाच्या पंगतीत एक मावससासरे म्हणाले होते,
फिरून फिरून शेवटी झोपेंच्या घरी आली पोरगी.
तीस वर्षं पुरला तो विनोद.
मीही हसायचे. लागायचीही तेव्हा,
विहिरीत दगड पडावा तशी.

आता रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
(घड्याळ बघायचं नाही असं ठरवूनही)
छातीच्या मधोमध कुणीतरी काडी ओढतं.
मान, कानामागची जागा, गुडघ्यांच्या मागची खोबण,
मंगळसूत्राचे मणीसुद्धा चटकतात.
मग पाणी. माझंच.
गाऊन पाठीला चिकटतो,
आणि मिनिटाभरात हुडहुडी.
सौ. झोपे उठतात
आणि फिरके होऊन घरभर फिरतात.

मे महिन्यात कुणाला कळलंच नाही.
सावद्यात मे महिन्यात कोरडं कोण असतं?
अख्खी गल्ली गच्चीवर पाणी शिंपून
ओल्या चादरीखाली उताणी.
माझा घाम सगळ्यांच्या घामात खपून गेला.

डिसेंबरात उघडी पडले.
भरीताच्या पार्टीला शेतावर सगळे
मफलर गुंडाळून, वांगी भाजणाऱ्या काट्यांपाशी हात शेकत;
मी लांब, केळीच्या खोडाला पाठ लावून.
केळीचं खोड इतकं गार असतं
हे केळीवाल्यांच्या घरात जन्मून
मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

फैजपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रजोनिवृत्ती.
निवृत्ती म्हटलं की मला आमचे हेडमास्तर आठवतात:
शाल, श्रीफळ, दोन लांब भाषणं.
श्रीफळ चालेल.
शाल नको.

सांगितलं ते करते.
चारनंतर चहा नाही. रात्री ठेचा नाही
(खान्देशात राहून!).
उशाशी दुसरा सुती गाऊन,
अंधारात हाताला लागेल असा.
गादीवर आईचं लुगडं, धुऊन धुऊन साय झालेलं,
ते घाम पितं आणि कुणाला सांगत नाही.
कोकिळा भंगाळेला फोन केला, चिनावलला.
"माय वं, मी त फ्रीज उघडीसन उभी राहते!"
दोघी खूप हसलो.
मग तिनं विचारलं, घरी सांगितलं का?
मी म्हटलं, कुकर झालाय, ठेवते.

पारा सातावर आला त्या रात्री
हे उठले. थंडीनं केळी करपते,
बांधावर धूर करायचा, लाईट आहे तोवर पाणी सोडायचं.
मी जागीच होते. म्हटलं, येते.
"शाल घे."
नको.
"घे म्हणतो ना."
मोटारसायकलवर मागे बसले, पदर सुटा,
आणि तो बोचरा वारा
पहिल्यांदाच कुणी माझ्या बाजूनं बोलावं तसा.

बांधावर ओला पाला धुमसत होता.
जाळ होऊ द्यायचा नाही, नुसती ऊब.
निळ्या पिशव्या घातलेले घड अंधारात गप्प.
हे म्हणाले, बाहेरून गार लागलं
की झाड आतल्या आत अडतं. घड नीट निसवत नाही.
मी म्हटलं, माझं उलटं आहे.
मला आतून लागते.

आणि सांगितलं सगळं,
त्यांच्याकडे न बघता, धुराकडे बघून.
दीड वर्षाचं.
ते वाकून व्हॉल्व्ह फिरवत राहिले,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
मग म्हणाले,
"मला वाटायचं, माझ्या घोरण्यानं उठते तू."
तेही आहे, म्हटलं.

दुसऱ्या रात्री दोन-दहाला जाग आली
तर डोक्यावर पंखा चालू. डिसेंबरात.
शेजारी दोन गोधड्या, कानटोपी, मफलर,
आणि त्यात कुठेतरी हे.
मी गाऊन बदलला. लुगड्याची कोरडी बाजू वर केली.
झोप काही आली नाही.
पडून यांचं घोरणं मोजत राहिले.
एकशे बारापर्यंत आठवतं.