आजचं अंतर

काल एकतीस मीटर चालली.
परवा शून्य. एका दगडापाशी थांबून
दिवसभर त्याच्याकडे बघत होती म्हणे.
मी वहीत लिहिलं: शून्य, दगडामुळे.

एकोणतीस वर्षं मी कॉलेजात
दगडांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन
त्यावर काळ्या शाईनं नंबर घालत आलो.
लॅब असिस्टंट, भूगर्भशास्त्र, लश्कर, ग्वाल्हेर.
पोरं नंबर पाठ करायची,
दगड बघायची नाहीत.
आता मंगळावर कुणी तरी
एका दगडापायी अख्खा दिवस घालवतं,
आणि दौलतगंजात दुसऱ्या मजल्यावर
मला ते चष्मा पुसून पुसून दिसतं.

तिथला दिवस आपल्याहून चाळीस मिनिटांनी लांब.
म्हणून तिची सकाळ रोज थोडी सरकते,
आमच्या नळासारखी.
पंधरवड्यापूर्वी ती उठायची
तेव्हा माझा दुपारचा चहा व्हायचा,
आता ती उठते रात्री एकला.
कुंदा म्हणते, तुम्हाला काय
तिकडे ड्यूटी लावलीय कुणी?

खालचे भदौरियाजी जिन्यात भेटले की,
"क्यों पागनीसजी, पानी मिला?"
मी म्हणतो, होतं. तीनेक अब्ज वर्षांपूर्वी.
ते रिकामी बादली उचलतात.
"यहाँ परसों था."

फोटो आधी येतात ते काळे-पांढरे.
तांबडा मी इथूनच घालतो.
शहराबाहेर गेरूच्या खाणीत मुलांना सहलीला नेलं की
मोजे, नखं, डब्यातली पोळी,
परतताना सगळं गेरूचं.
सर सांगायचे, हे लोखंड
कधी काळी समुद्राच्या तळाशी गंजलं,
तेव्हा बघायला कोणी नव्हतं.
तिथंही नव्हतं.
तिथं आता ती आहे.

तिच्या एका चाकाला भोक पडलंय.
मागे वळून काढलेल्या फोटोत
दोन रेघा लांबवर गेलेल्या,
त्यातल्या एकीत ठरावीक अंतरानं
एक सुटलेला टाका.
माझा उजवा गुडघा जिन्यात असाच बोलतो,
चौथ्या पायरीला, मग आठव्या.

मग सूर्य मध्ये आला.
पंधरा दिवस काही विचारायचं नाही, सांगायचं नाही.
अर्धामुर्धा पोचलेला हुकूम घातक,
म्हणून आधीच बजावून ठेवलेलं:
हलू नकोस.
वहीत नुसत्या आडव्या रेघा.

सहाव्या रेघेला मी टेम्पोत बसलो.
टेकडीखाली उतरलो. काठी, पाण्याची बाटली.
पावलं मोजत चढलो, तीनशे चाळीसला थांबलो.
एक पट्ट्यापट्ट्यांचा दगड होता,
लाल, करडा, लाल, मग पुन्हा करडा.
उचलला. तापलेला होता.
सवयीनं खिसा चाचपला
रंगाच्या डबीसाठी.
मग होता तसाच ठेवला,
मातीची बाजू खाली करून.

निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या तळाशी
असाच एक सापडला होता, सहाशे चौदा,
कार्डावर माझंच अक्षर:
ठिकाण अज्ञात.
घरी आणला. चोरीच म्हणा.
वारा सुटला की दाराला लावतो.

आज पहाटे पहिला फोटो आला.
तीच वाळू, तोच उतार, तिचीच सावली,
अंगावर धूळ किंचित जास्त.
अंतर शून्य.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
सावलीच्या टोकाशी एक खडा
पंधरा दिवसांपूर्वी नव्हता,
किंवा मीच पाहिला नव्हता.

काय झालं, कुंदानं झोपेत विचारलं.
काही नाही, म्हटलं.
आहे तिथंच आहे.