पल्ला

विश्राम घाडीच्या ठासणीच्या बंदुकीचा पल्ला
चाळीस पावलं.
त्याआधीची चारशे, तो म्हणायचा, आपल्या पायांची.

त्या चारशेतच त्याची सगळी विद्या:
दर्यावरचा वारा सांजेला कधी पडतो,
मतलई कधी सुटते,
मधल्या मुक्या घटकेत
नाचणीतून पोटावर कसं सरकायचं.
विडी आदल्या दुपारपासून बंद,
अंगाला साबण नाही.
दारू ठासायला दोन मिनिटं लागायची
म्हणून दुसरी गोळी नव्हतीच कधी.
पहिलीच काय ती, आणि तीही
डुकराने कान हलवलेला दिसला तर.
नाही दिसला तर घरी, पेजेला.
"बंदूक शेत राखूक दिलीहा,
हौस फेडूक नाय."

मी मात्र त्या मार्गशीर्षात
मेहुण्याची रायफल घेऊन खाडीवर गेलो.
वर दुर्बीण, दुर्बिणीत काळी फुली,
फुलीत पलीकडचा काठ,
तिवरांच्या मुळांत चिखल उकरणारी डुकरीण
इतकी जवळ की पाठीवरचे राठ केस मोजावेत.
मेहुण्याने यंत्रात पाहून आकडा सांगितला,
तीनशे दहा मीटर.
गोळी किती खाली उतरेल तेही सांगितलं.
वारा विचारला, तो मी
माझ्या गालावरचा सांगितला.
खाडीच्या मध्यावर वेगळाच वाहत होता,
पाण्यावर आडव्या सुरकुत्या.
त्या मी नंतर पाहिल्या.

विश्राम मागे जांभ्याच्या चिऱ्यावर बसलेला.
एवढंच म्हणाला,
"गोळी जातली रे थंय. तू जातलंस काय?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला रायफल कळत नाही.

चाप ओढणं आणि गोळी लागणं
यांच्या मधे अर्धा श्वास असतो.
तो माझा नव्हता.
त्यात ती एक पाऊल पुढे गेली,
कुठल्याशा खेकड्याच्या बिळाकडे.
फुलीत खांदा होता.
लागली पोटात.

ती किंचाळली ते आधी दिसलं.
ऐकू आलं नंतर.

मधे खाडी, पाणी चढतं,
होडी बाबल मेस्ताची, ती धक्क्यावर,
पुलावरून जायचं तर सहा मैलांचा वळसा.
चाळीस पावलांवर चुकलेल्या माणसाला
धावत जाऊन चूक पुरी करता येते.
मी काठावर उभा, खिशात चार काडतुसं,
आणि पलीकडे तिवरांत शिरलेला तिचा माग
भरती मागून पुसत चाललेली.

"डुक्कर तर आहे," म्हणत मेहुणा जेवायला गेला.
विश्रामने कोयता घेतला, बॅटरी घेतली,
होडी मागून आणली.
मला चल म्हणाला नाही.

गुडघाभर चिखल. कालवांनी पोटऱ्या चिरल्या,
खारं पाणी त्यात शिरत राहिलं.
मध्यरात्र उलटून ओहोट लागली तेव्हा सापडली,
एका चिपीच्या बुंध्याशी, श्वास चालू.
सात तास.
विश्रामने कोयता माझ्या हातात दिला,
बॅटरी स्वतः धरली.
"आता हो पल्लो मोज."

एक हात होता.
तोही पार करायला मला वेळ लागला.

रायफल मेहुणा घेऊन गेला.
विश्राम गेला त्यालाही आता चार पावसाळे झाले.

यंदा कार्तिकात नाचणीत एकुलगा शिरला.
मी अठ्ठेचाळीस पावलांपर्यंत पोचलो होतो,
कान दिसत नव्हता,
आठ पावलं उरली आणि मतलई सुटली.
त्याला माझा वास गेला असावा,
तरी उभा राहिला जरा, आडवा, सबंध.
कोणीही मारला असता.

सकाळी बायकोने
तुडवलेली कणसं ओच्यात गोळा केली,
पायली-दीड पायली भरली असतील.
"दिसलो नाय काय?" तिने विचारलं.
दिसला होता, म्हणालो.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग बंदुकीकडे,
आणि पुढचा वाफा वेचायला गेली.