दोन विती

अठ्ठावीस वर्षं मी तिघऱ्याचं पाणी वाचलं.
सकाळी सहाला सायकल धरणाच्या भिंतीला टेकवायची,
खांबावरच्या रंगीत पट्ट्या बघायच्या,
वहीत लिहायचं: इतकं चढलं, इतकं उतरलं.
पाण्याच्या वर काय असतं
ह्याचा रकाना त्या वहीत नव्हता.

आता पलक बाथम मला पाण्याच्या वर काढते.
वय तेवीस. होडी बापाची, मोटर हप्त्यांवरची,
आणि गोव्याहून कुणाकडून जुनी आणलेली ही फळी:
पोटाखाली साडेतीन वितींचा दांडा,
दांड्याच्या टोकाला पंख.
मगरी पलीकडच्या काठाला असतात, असं ती सांगते.
दोरी ताणली की फळी कुरकुरते,
पाणी घासतं, मागे खेचतं,
आणि मग एकदम गप्प.
इतकं गप्प, की पहिल्यांदा मला वाटलं, कान गेले.

पहिले चार रविवार मी नुसताच चढलो.
वर, अजून वर, पंख पाण्याबाहेर,
हवा शिरली, पकड सुटली,
आणि ज्या पाण्याचा हिशेब ठेवला
त्याच्या पोटात नाकातोंडासकट मी.
"काका, चढना नहीं है, रुकना है!"
होडीतून पलक ओरडली.

सवय जाते कुठे? घरून निळी टेप आणली,
दांड्यावर चार-चार बोटांवर पट्ट्या मारल्या,
अगदी सरकारी खांबासारख्या.
वाचायला वाकलो.
मान गेली तिकडे वजन गेलं,
वजन गेलं तिकडे फळी.
पलकनं टेप सोलून काढली, गोळी करून खिशात टाकली,
काही बोलली नाही.

मग तिनं मागच्या छोट्या पंखाखाली
कागदाएवढे पातळ दोन वॉशर सरकवले.
माझा पुढचा पाय चार बोटं पुढे नेला.
गुडघे सैल,
लहानपणी कंपूच्या उतारावर टांग्यात उभे राहायचो तसे.
डोळे पंपघराच्या खिडकीवर.
कान पायाखाली.

कारण पंख वर सरकला की पाणी बोलतं.
आधी सुरसुर,
मग मांजरपाट फाडल्याचा आवाज, आणि मग उशीर झालेला असतो.
सुरसुर असतानाच
पुढच्या अंगठ्यानं दाबायचं, किती,
तर पोर नुकतं झोपलंय त्या खोलीचं दार
लोटताना दाबतो तितकं.
वर राहायचं तर खाली दाबायचं,
हे मला साठीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असतं तर मी वहीत लिहून ठेवलं असतं
आणि विसरलो असतो.

एक वीत जमली.
पण पौषात वारा सुटतो,
लाटा फळीच्या पोटावर थापा मारतात,
प्रत्येक थाप थोडा वेग खाते.
"दोन हव्यात," पलक म्हणाली.
दोन वर म्हणजे दीडच पाण्यात.
चुकायला जागा तेवढीच.

गेल्या रविवारी नऊ श्वास.
मोजले, कारण दुसरं काही मोजायचं नव्हतं.
डावीकडे एक नदीसुरय माझ्याबरोबरीनं चालला होता,
तोही साधारण दोन विती वर,
त्याच्या पंखाला वॉशर नव्हते.
दहाव्या श्वासाला मला हसू आलं.
हसण्याचं वजन मागच्या पायावर पडतं
हे पाण्याखाली गेल्यावर कळलं.

घरी, दौलतगंजात, कोरी राहिलेली एक जुनी वही काढली.
पातळीच्या रकान्यात लिहिलं: दोन विती.
मग ते खोडून लिहिलं: दीड ते दोन,
वारा उत्तरेचा, निरीक्षक स्वतः पडलेला.
शैलजानं विचारलं, कानातलं पाणी निघालं का?
उजव्यातलं निघालं होतं.
डाव्यात अजून
सुरसुर चालू होती.