पासंग

रविवारी प्रार्थनेला बहुधा मलाच उभं करतात.
पाळक नुसते माझ्याकडे बघतात, आणि मी
चष्मा काढून खिशात ठेवतो.
इंदुरात आमची उपासना हिंदीत.
माझी हिंदी चांगली आहे, कडक इस्त्रीची;
हे दयासागर, हे परमपिता, असं सुरू झालं की
मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चुळबूळ थांबवतात.
मार्था म्हणते, तिथे तुमचा आवाज वेगळाच लागतो.
घरी तो आवाज मी कधी आणलेला नाही.

बाकीचे सहा दिवस मी सियागंजात,
एका जिन्याखालच्या खोपटात, तराजू दुरुस्त करतो.
दांडी सरळ करायची, काटा मधोमध आणायचा,
साखळीची झिजलेली कडी बदलायची.
हात इतका बसलाय
की रिकामा तराजू नुसता उचलून सांगतो
कुठलं पारडं किती गुंजांनी खोटं आहे.

परवाच्या रविवारी मी म्हणालो,
"प्रभु, हम तो तेरे पासंग भी नहीं."
हे माझं ठेवणीतलं वाक्य. लोकांना आवडतं.
पण शब्द तोंडातून निघाला आणि दुसऱ्या ओळीत
सुवार्ताबाई पाटोळे दिसल्या, डोळे मिटून,
मांडीवर कापडी पिशवी, तीच,
जिच्यात त्या मन्नालालकडून तूरडाळ आणतात.
पुढचं काही सुचेना.
भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत राहिलं.
कसंबसं आमेन म्हणून मी खाली बसलो.

बाहेर अंगणात लोकांनी माझे हात हातात घेतले.
"आज तो आपने रुला दिया, अमोलिकभाई."
पाळकांनी पाठ थोपटली.
मी मान खाली घातली.
मान किती खाली घालायची, हे मला नेमकं ठाऊक आहे.

आता रात्र आहे. दुकानाचं फळकूट आतून लावून घेतलंय.
हिंदी नको.
आई नेवाशाकडची. चुलीपुढे बसून तुझ्याशी बोलायची,
भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी,
मध्येच भाकरी उलटायची, पुन्हा बोलायची.
त्या भाषेत बघतो.

बापा,
मन्नालालच्या तराजूत खोट आहे.
नाही, असं नाही.
मन्नालालने माझ्याकडून खोट घालून घेतली.
हेही नाही. ऐक.
तो नुसती दांडी साफ करायला आला होता.
मीच विचारलं, शेठ, सुटतं का काही धंद्यात?
मीच सुचवलं.
वीस ग्रॅम शिसं, मालाच्या पारड्याच्या पोटाला,
वरून काजळी, कुणाला दिसू नये म्हणून.
डाग दिला. आमच्या कामात त्याला
डाग देणंच म्हणतात.
दीडशे रुपये घेतले. त्यातले पंधरा
दशमांश म्हणून तुझ्या पेटीत टाकले,
पाकिटावर नाव घालून.

हे सांगितल्यावर जरा बरं वाटलं,
आणि लगेच वाटलं, किती खरं बोलतोय मी!
बघ. इथेही, कुणी नसताना,
दांडीला माझं बोट लागतंच आहे.

तुझ्या पासंगाला पुरत नाही, हे म्हणणं सोपं होतं.
पासंग मीच आहे,
पारड्याखाली चिकटलेला, काळा,
वरून दिसत नाही आणि प्रत्येक मापात असतो.

माझ्याकडे आणखी शब्द आहेत, तुला माहीत आहे.
ते ठेवतो बाजूला.
आमेन आत्ता म्हणत नाही.
कानस आणि पक्कड पिशवीत घातली आहे.
सुवार्ताबाईंना काय सांगायचं, ते ठरत नाही अजून.
मन्नालाल दुकान दहाला उघडतो.