कोरडी

नकाशावर ती निळी आहे, म्हणून नदी.
इथे उभं राहून पाहिलं तर वाळूची रुंद वाट,
काठाने मोठमोठ्या बाभळी,
आणि पात्राच्या मधोमध
गाढवगाडीच्या दोन चाकोऱ्या.

दक्षिणेला लाल वाळूचे डोंगर, चालत येणारे.
उत्तरेला खडी, सपाट, नजर संपेपर्यंत.
मध्ये ही.
वर्षातून चार दिवस वाहते, कधी तेही नाही,
पण तेवढ्यात वाळूने पुढे टाकलेला पाय
समुद्राकडे ओढून नेते
आणि पलीकडची खडी खडीच राहते.
हिस्किया म्हणतो, उंबऱ्यावर झोपलेलं कुत्रं आहे हे.
झोपलंय खरं, पण ओलांडून दाखवा.

हिस्कियाकडे मोजपट्टी आहे.
पाणीखात्याने काठाला लोखंड रोवलं,
शून्यापासून पाचापर्यंत आकडे रंगवले
आणि त्याला एक वही दिली.
सकाळी सातला जायचं, बघायचं, लिहायचं.
कोरडी.
कोरडी.
कोरडी.
एकोणीस वर्षांत या एका शब्दावर
त्याचं अक्षर वळणदार झालंय.
एकदा कंटाळून लिहिलं, ‘कोरडी. पट्टीखाली कोल्हा बसला होता.’
खात्याचं पत्र आलं:
शेऱ्याच्या रकान्यात कोल्हे नकोत.

त्याची मेहुणी डोर्का नारा वेचते.
नारा म्हणण्याआधी जीभ टाळूला चिकटवून सोडायची,
बाटलीचं बूच निघावं तसा टक् आवाज.
मला जमलं नाही. तिची नातवंडं हसून वाळूत लोळली.
पान नसलेली, नुसत्या काट्यांची जाळी,
वाळूच्या उंचवट्यावर पसरलेली,
आणि आत लपलेली हिरवी काटेरी फळं.
टिचकी मारून ती ओळखते कुठलं पिकलंय.
अर्धकच्चं खाल्लं तर तोंड भाजतं.
पिंपात शिजवायचं, बी गाळून घ्यायचं,
गर वाळूवर ओतायचा; वाळला की भाकरीसारखा गुंडाळायचा.
दाताखाली थोडी कचकच येतेच.
ती नसली तर, डोर्का म्हणते, बाजारचं वाटतं.

मूळ किती खोल जातं कुणी पाहिलेलं नाही.
पाण्यापर्यंत, एवढं ठाऊक.
पण त्याच पाण्यापर्यंत बंदराच्या शहराचे पंपही जातात.
आईच्या वाट्याची जाळी गेल्या साली करडी पडली,
डोर्काने तरी तिचं कुंपण काढलं नाही.
बी विकायला ती त्याच शहरात जाते.
व्यापाऱ्याच्या अंगणात नळ सोडते, पाय पुढे करते,
आणि हलक्या आवाजात विचारते,
‘इथे येऊन राहिलीस होय?’

मार्चात एका रात्री बकऱ्या गप्प झाल्या.
आधी वास आला, भिजलेल्या मातीचा, कुणा दुसऱ्याच गावचा.
इथे ढगसुद्धा नव्हता.
मग आवाज, जणू कुणी लांबून ताडपत्री ओढत आणतंय.
कंदिलाच्या उजेडात ती आली ती पाणी म्हणून नाहीच:
काटक्या, लेंड्या, फेस, बाभळीच्या शेंगा,
एक मेलेला ससा, प्लास्टिकची पांढरी खुर्ची,
सगळं एकमेकांना ढकलत,
आणि त्यामागे काळी, जड, घाई नसलेली
ती.
डोर्का गुडघाभर आत गेली.
पोरांना हाका मारायच्या होत्या, ते विसरली.

त्या दिवसाची नोंद मी पाहिलीय.
सवयीने ‘को’ लिहून खोडलंय
आणि शेजारी, थरथरत, १.३.
मग ०.९. मग ०.४.
पाचव्या दिवशी शून्य, आणि शब्द: ओली.
पुढले अकरा दिवस तेच. ओली. ओली.
खात्याच्या यादीत असा शब्द नाही;
पत्र येईल.

ती खुर्ची आता पट्टीजवळ आहे.
एक पाय मोडका, खाली दगड लावलाय.
सातला हिस्किया तिच्यावर बसतो, वही उघडतो,
आणि लिहिण्याआधी
वाकून वाळूत बोट खुपसतो.
खात्याने हे कधी सांगितलं नव्हतं.